छेद पाहायचा तर फोन आडवा धरा : टेनिसच्या आकडेवारीचे एक सशुल्क ॲप, वर्षभर वापरून

गेल्या वर्षी विम्बल्डनचा दुसरा आठवडा चालू असताना रत्नागिरीत आमच्या भागात सलग चार दिवस लाइटचा लपंडाव चालला होता. एकही सामना टीव्हीवर धड पाहता आला नाही, आणि रात्री उशिरा लाइट आल्यावर हाती लागे तो केवळ निकाल. त्या चिडचिडीत मी टेनिसच्या आकडेवारीचे एक सशुल्क ॲप फोनवर घेतले. वर्षाची वर्गणी १,२०० रुपये. व्यावसायिक टेनिसपटूची सबंध कारकीर्द, म्हणजे जय-पराजय, विजेतेपदे, क्रमवारीतील चढउतार, सर्व्हिस आणि परतीच्या फटक्यांची टक्केवारी, प्रतिस्पर्ध्यागणिक आणि कोर्टाच्या प्रकारागणिक हिशेब, हे सारे एकाच पानावर मिळेल, असे जाहिरातीत म्हटले होते. ॲपचे नाव मी येथे लिहीत नाही. खाली नोंदवलेल्या त्रुटींबद्दल कंपनीला पाठवलेल्या पत्राला यंत्राने धाडलेल्या एका उत्तराखेरीज अद्याप काही आलेले नाही, आणि त्यांची बाजू कळण्याआधी नाव घेणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय याच धाटणीच्या आणखी दोन-तीन सेवा बाजारात आहेत आणि त्या घेऊ पाहणाऱ्यालाही या अनुभवाचा उपयोग होईल.

मी बँकेत तीस वर्षे खतावण्या तपासल्या आहेत, आणि टेनिसच्या निकालांची एक लांब वहीही जवळजवळ तितकीच वर्षे ठेवली आहे. तिच्यातली पहिली नोंद ३ ऑगस्ट १९९६ची आहे : अटलांटा ऑलिंपिक, पुरुष एकेरी, ब्राँझपदकाचा सामना, लिअँडर पेस विजयी विरुद्ध फर्नांडो मेलिगेनी, ३-६, ६-२, ६-४. कोकणातल्या पावसाळ्यात वहीचे हाल होतात. पाने एकमेकांना चिकटतात, निळी शाई फुटते, आणि गणपतीनंतर ती उन्हात वाळवावी लागते. या बाबतीत ॲप वहीपेक्षा सरस आहे हे आधीच मान्य करतो. परंतु वहीत मी जो आकडा लिहिला तो कशाचा आहे हे मला ठाऊक असते, आणि वर्षभरात ॲपशी माझे जे काही वाजले ते याच एका मुद्द्यावर.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. रॉजर फेडररचे पान उघडले की पहिल्याच ओळीत एकेरीचे १,२५१ विजय, २७५ पराभव, १०३ विजेतेपदे, २० ग्रँड स्लॅम (म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदे) आणि अव्वल स्थानावरचे ३१० आठवडे दिसतात. एवढे तर कोठेही फुकट मिळते. त्याच्या खालची ओळ मात्र पैसे वसूल करणारी आहे, कारण तेथे जिंकलेल्या सामन्यांचे प्रमाण आणि जिंकलेल्या गुणांचे प्रमाण शेजारी शेजारी ठेवले आहे : सामने सुमारे ८२ टक्के, गुण ५४ टक्के. ज्याला आपण वीस वर्षे निर्विवाद थोर मानले, त्याने दर शंभर गुणांपैकी छेचाळीस प्रतिस्पर्ध्याला दिले आहेत. हे कसे घडते ते ॲपमधल्या एका छोट्या गणकयंत्रावर करून पाहता येते. सर्व्हिस करणारा खेळाडू आपल्या सर्व्हिसवरचे ५५ टक्के गुण जिंकत असेल तर तो सुमारे ६२ टक्के गेम जिंकतो. हेच प्रमाण ६५ टक्क्यांवर नेले की गेम ८३ टक्क्यांवर जातात. टेनिसच्या गुणपद्धतीत लहानसा फायदा गेममध्ये वाढतो, सेटमध्ये आणखी वाढतो आणि पाच सेटांच्या सामन्यात तर चक्रवाढ व्याजासारखा फुगतो. मी स्वतः कागदावर ५५ टक्क्यांचे उदाहरण सोडवून पाहिले आणि उत्तर जुळले, तेव्हा या ॲपमागे कोणीतरी गणित जाणणारा माणूस बसला आहे याबद्दल माझी खात्री पटली.

दुसरा उत्तम भाग म्हणजे आमनेसामनेचा हिशेब. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने आरतीनंतर नेहमीचा वाद काढला. "काका, नदालने फेडररला २४ वेळा हरवलंय आणि फेडररने नदालला १६ वेळा, विषय संपला." मी ॲप उघडून त्याच्या हातात दिले. त्या ४० सामन्यांपैकी १६ लाल मातीवर झाले आणि त्यांत नदाल १४-२ असा पुढे आहे. हार्ड कोर्टवर फेडरर ११-९ आणि गवतावर ३-१ असा पुढे आहे. नदाल-जोकोविच यांच्या ६० सामन्यांचेही तसेच : एकूण जोकोविच ३१-२९, पण मातीवर नदाल २०-९, हार्ड कोर्टवर जोकोविच २०-७ आणि गवतावर २-२ अशी बरोबरी. पुतण्याचे मत बदलले नाही (ते बदलावे अशी माझीही अपेक्षा नव्हती), परंतु हे दोघे कोणत्या कोर्टवर किती वेळा भेटले यावर एकूण आकडा ठरतो, हे त्याला मान्य करावे लागले. ॲपने हे वर्गीकरण तीन रंगांच्या पट्ट्यांनी दाखवले आहे आणि मातीसाठी निवडलेला रंग हुबेहूब आमच्या जांभ्याचा आहे. पॅरिसची लाल माती म्हणजे खरे तर कुटलेल्या विटांची पूड. आमच्या महाविद्यालयातले कोर्ट जांभ्याची माती चाळून, चोपून केलेले होते आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत त्यावर गवत उगवत असे. म्हणजे आम्ही वर्षातले चार महिने ग्रासकोर्टवरही खेळू शकलो असतो.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार अशी की फोन उभा धरला असता हे ॲप फक्त टक्केवारी दाखवते. ती टक्केवारी कितीपैकी कितीची आहे, म्हणजे तिचा छेद काय, हे पाहायचे तर फोन आडवा करावा लागतो. ही मांडणी करणाऱ्याला बहुधा जागा वाचवायची होती, पण त्याने नेमकी नको ती वस्तू वाचवली. एका खेळाडूला सामन्यात एकच ब्रेक पॉइंट (प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदण्याची संधी) मिळाला आणि त्याने तो जिंकला, तर १०० टक्के. दुसऱ्याला १६ मिळाले आणि त्याने ४ जिंकले, तर २५ टक्के. सामना बहुधा दुसऱ्याने जिंकलेला असतो, कारण चार वेळा सर्व्हिस भेदणे हे एकदा भेदण्यापेक्षा जास्त आहे आणि सोळा संधी निर्माण करणे हे तर त्याहून मोठे काम आहे. उभ्या फोनवर मात्र पहिला खेळाडू हिरव्या रंगात झळकतो आणि दुसऱ्यापुढे लाल बाण येतो. अनफोर्स्ड एररच्या बाबतीत तर आडवा फोनही उपयोगाचा नाही. चूक स्वतःहून झाली की प्रतिस्पर्ध्याने करायला लावली, हे कोर्टाशेजारी बसलेला नोंद करणारा आपल्या नजरेने ठरवतो. तेव्हा वेगवेगळ्या स्पर्धांत वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या नोंदींची एकत्र सरासरी काढून ती दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत देणे म्हणजे अंदाजाला इस्त्री करून घालण्यासारखे आहे.

पुढे चाल आणि माघार यांचा घोळ मला मे महिन्याच्या अखेरीस सापडला. फ्रेंच ओपन सुरू झाली होती आणि मी नदालचे पॅरिसमधले पान सहज चाळत होतो. कारकिर्दीच्या मुख्य पानावर रोलाँ गॅरोमधील, म्हणजे फ्रेंच ओपनमधील, कामगिरी ११२ विजय, ४ पराभव अशी आहे आणि ती बरोबर आहे : २००९ मध्ये सॉडरलिंग, २०१५ आणि २०२१ मध्ये जोकोविच, २०२४ मध्ये झ्वेरेव, एवढ्याच चौघांच्या नव्हे, तिघांच्याच हातून तो तेथे चार वेळा हरला. परंतु स्पर्धेनुसार वर्गवारी केली की तोच तक्ता ११२-५ दाखवतो. पाचवा पराभव कोठून आला हे शोधायला मला अर्धा तास लागला. २०१६ मध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे नदालने तिसऱ्या फेरीआधी माघार घेतली आणि ग्रानोयेर्सला पुढे चाल मिळाली. असा सामना खेळलाच गेलेला नसल्याने तो अधिकृत नोंदीत कोणाच्याही विजयात वा पराभवात धरला जात नाही. एकदा चेंडू खेळात आल्यावर कोणी मध्येच सोडून गेला, तर मात्र तो पराभव असतो. फरक बारीक आहे, पण कारकिर्दीच्या नोंदी त्यावरच उभ्या आहेत. फेडररने आपल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी एकही सामना अर्धवट सोडला नाही ही गोष्ट या फरकाशिवाय सांगताच येणार नाही, आणि २०१४च्या एटीपी फायनल्स या वर्षअखेरच्या स्पर्धेत त्याने अंतिम सामन्याआधी माघार घेतली तरी जोकोविचशी असलेला त्याचा हिशेब २३-२७ इतकाच का राहिला, तेही कळणार नाही. एकाच ॲपच्या दोन पानांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे द्यावीत, ही गोष्ट आमच्या शाखेत घडली असती तर त्या दिवशी कोणीही घरी गेले नसते.

जुन्या खेळाडूंच्या बाबतीत दोष याहून ढोबळ आहे. सर्व्हिस आणि परतीच्या फटक्यांची तपशीलवार आकडेवारी पुरुषांच्या दौऱ्यावर १९९१ पासून उपलब्ध आहे. त्याआधीच्या खेळाडूंच्या पानावर या रकान्यात ‘नोंद नाही’ असे यायला हवे. ॲप तेथे शून्य लिहिते. १९७३ आणि १९८१ अशी दोनदा विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या, सर्व्हिसमागोमाग नेटवर धावून जाण्यातच ज्यांच्या खेळाची सारी ऐट होती, त्या विजय अमृतराज यांच्या पानावर मी ‘बिनतोड सर्व्हिस : ०’ असे स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. रमेश कृष्णन यांच्याही पानावर तेच. त्यांच्या मंद, फसव्या सर्व्हिसकडे पाहता तो आकडा त्यांना स्वतःला कदाचित गमतीचा वाटेल, पण चूक ती चूकच.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने मात्र खरा अन्याय दुहेरीचा आहे, आणि यावर मी थोडे सविस्तर लिहितो. पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा पडवीत बसून ॲपवर पेसचे पान वाचत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आजोबा, हा तर साधाच खेळाडू दिसतोय." मी पाहिले. पान आपोआप एकेरीवर उघडते : विजेतेपद १, सर्वोच्च क्रमांक ७३. दोन्ही आकडे खरे आहेत. ते एक विजेतेपद १९९८ मध्ये न्यूपोर्टच्या गवतावरचे. त्याच उन्हाळ्यात न्यू हेवनला त्याने पीट सॅम्प्रासला ६-३, ६-४ असे हरवले, पण त्या सामन्यापर्यंत पोहोचायला चार वेळा बोट फिरवावे लागते. दुहेरीचे बटण वर उजव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढे आहे. ते दाबल्यावर पुरुष दुहेरीची ८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे दिसतात, त्यांत १९९९ मध्ये भूपतीच्या साथीने मिळवलेली फ्रेंच आणि विम्बल्डन अशी दोन्ही आहेत. त्याच्या एकूण १८ ग्रँड स्लॅमपैकी उरलेली १० मिश्र दुहेरीतली, आणि मिश्र दुहेरीला क्रमवारी नसल्यामुळे या ॲपने तो प्रकारच वगळला आहे. म्हणजे मार्टिना नवरातिलोवाबरोबर २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि विम्बल्डनला मिळवलेली विजेतेपदे नाहीत, मार्टिना हिंगीसबरोबर २०१५ मध्ये एकाच वर्षात जिंकलेली तीन नाहीत. डेव्हिस कप या देशादेशांतल्या सांघिक स्पर्धेतले दुहेरीचे ४५ विजय, जो विश्वविक्रम आहे, त्यांचीही स्वतंत्र ओळ नाही. मी वही काढून त्या मुलाला एकेक पान दाखवत गेलो. ॲपवर १८ पैकी ८ दिसत असतील, तर ती माहिती अपुरी आहे असे म्हणणेही सौम्य होईल.

सानिया मिर्झाच्या पानाची तीच गत आहे. एकेरीत सर्वोच्च २७वा क्रमांक ठळक अक्षरांत आहे. दुहेरीत अव्वल स्थानावर घालवलेले ९१ आठवडे आणि हिंगीसच्या साथीने सलग जिंकलेले ४१ सामने मात्र शोधावे लागतात, आणि तिच्या ६ ग्रँड स्लॅमपैकी मिश्र दुहेरीची ३ गायब आहेत. रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दुहेरीतले पहिले स्थान मिळवले, ते दिसते; २०१७ मध्ये गॅब्रिएला डाब्रोव्हस्कीबरोबर जिंकलेली फ्रेंच ओपन दिसत नाही. आपल्या ऋतुजा भोसलेने बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिळवलेले सुवर्णपदक तर या ॲपच्या लेखी घडलेलेच नाही.

सुमित नागलच्या पानावर पुन्हा छेदाचाच प्रश्न येतो. २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने ३१वे मानांकन असलेल्या बुब्लिकला ६-४, ६-२, ७-६ असे हरवले. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकित खेळाडूला भारतीयाने हरवण्याची ही रमेश कृष्णन यांच्या १९८९ मधल्या विलँडरवरील विजयानंतरची पहिलीच वेळ. परंतु त्या सामन्याआधी नागलने पात्रता फेरीचे तीन सामने जिंकले होते. ते मुख्य दौऱ्याच्या जय-पराजयात धरले जात नाहीत, मुख्य दौऱ्याखालच्या पातळीच्या चॅलेंजर स्पर्धांतले विजयही धरले जात नाहीत, आणि असे न धरणे नियमाला धरूनच आहे. फक्त ‘एकूण सामने’ असे शीर्षक देऊन त्याखाली केवळ मुख्य दौऱ्याचे सामने देणे हे बरोबर नाही. ज्याची बहुतेक कारकीर्द चॅलेंजरच्या रिकाम्या गॅलऱ्यांपुढे गेली, त्याचे निम्म्याहून अधिक कष्ट अशा एका शब्दाने पुसले जातात.

हे सारे ठाऊक असणारा माणूस त्या कंपनीत आहे, हे मी खात्रीने म्हणू शकतो, कारण क्रमवारीचा आलेख त्याने फार समजून काढला आहे. क्रमवारी ही मागच्या ५२ आठवड्यांच्या कमाईवर चालते. गेल्या वर्षीचे गुण त्याच स्पर्धेच्या वेळी खात्यातून वजा होतात, गेल्या हंगामाचा आंबा यंदाच्या पेटीत भरता येत नाही तसे. जोकोविचच्या आलेखात जुलै २०२२ मध्ये विम्बल्डन जिंकल्यानंतरच्या सोमवारी रेघ खाली जाते आणि तो तिसऱ्यावरून सातव्या क्रमांकावर येतो. त्या वळणावर बोट ठेवले की खुलासा येतो : रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना स्पर्धेने प्रवेश नाकारल्यामुळे त्या वर्षी विम्बल्डनला क्रमवारीचे गुणच दिले गेले नाहीत, आणि आदल्या वर्षीचे २,००० गुण मात्र वजा झाले. दोनच ओळी, पण आकड्याचा उलगडा करणाऱ्या. अशाच दोन ओळी नदालच्या २०१६खाली लिहायला कोणाची हरकत होती?

सामन्यांची स्वतंत्र पाने मला सर्वाधिक आवडली आणि त्यांवरच मी सर्वाधिक वेळ घालवला. १४ जुलै २०१९ची विम्बल्डनची अंतिम लढत घ्या. त्याच दिवशी लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचाही अंतिम सामना होता आणि आमच्या आळीत त्या रात्री टेनिस पाहणारा मी एकटाच होतो. जोकोविचने फेडररला ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असे हरवले. वेळ ४ तास ५७ मिनिटे. ॲपच्या पानावर फेडररचे २१८ गुण आणि जोकोविचचे २०४. बिनतोड सर्व्हिस २५ विरुद्ध १०. सर्व्हिसभेद ७ विरुद्ध ३. गेमही ३६ विरुद्ध ३२. जवळजवळ प्रत्येक रकान्यात हरलेला खेळाडू पुढे आहे. मी पेन्सिल घेऊन टायब्रेकर, म्हणजे बरोबरीत अडकलेला सेट सोडवणारे निर्णायक गेम, वेगळे काढले. तीन टायब्रेकर ७-५, ७-४, ७-३ असे सुटले, म्हणजे त्या ३३ गुणांपैकी २१ जोकोविचचे आणि १२ फेडररचे. उरलेल्या ३८९ गुणांमध्ये फेडरर २०६-१८३ असा पुढे. सबंध सामन्याचे उत्तर या वजाबाकीत आहे, आणि पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ असताना, जिंकायला एकच गुण हवा असलेल्या फेडररच्या हातून निसटलेल्या त्या दोन गुणांत आहे. ॲपने मात्र ही वजाबाकी वाचकाला करून दिलेली नाही. त्याऐवजी ‘कामगिरी निर्देशांक’ नावाचा शंभरपैकी एक आकडा दिला आहे, जो कसा काढला हे फोन आडवा धरूनही कळत नाही. इझ्नर आणि माहू यांच्या २०१० मधल्या ११ तास ५ मिनिटांच्या सामन्याच्या पानावरही असाच निर्देशांक आहे. तेथे हरलेल्या माहूने ५०२ आणि जिंकलेल्या इझ्नरने ४७८ गुण मिळवले होते.

अचूकतेची मी एक घरगुती परीक्षाही घेतली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्याला बालेवाडीत केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांचा अंतिम सामना मी गॅलरीत बसून पाहिला होता; ७-६, ६-७, ७-६, तिन्ही सेट टायब्रेकरवर. वहीतले आणि ॲपमधले टायब्रेकरचे आकडे तंतोतंत जुळले. बिनतोड सर्व्हिसच्या मोजणीत मी कमी भरलो, आणि ती चूक माझीच आहे, कारण मध्येच डबा उघडला होता.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. पाने हलकी आहेत आणि एक काडी रेंज असतानाही उघडतात. घाटात एसटीतही मी ती वाचली आहेत. एकदा उघडलेले पान नेटशिवाय पुन्हा पाहता येते, आणि जुलैमध्ये त्याची किंमत कळते. मराठी नाहीच, हिंदीही नाही. वर्गणी आपोआप नूतन होण्याची खूण आधीच केलेली असते, ती आठवणीने काढावी. तक्रारीला मिळालेले एकमेव उत्तर यंत्राने पाठवलेले होते आणि त्यात माझे आडनाव दोनदा छापले होते.

पाच सर्वोत्तम पुरुष खेळाडूंच्या एकेरीपुरता ज्याला रस आहे, त्याने १,२०० रुपये खुशाल द्यावेत. ज्याला पेस, सानिया, बोपण्णा यांच्यासाठी हे हवे आहे, त्याने मिश्र दुहेरीचा रकाना येईपर्यंत थांबावे. मी वर्गणी एक वर्षासाठी वाढवली आणि तीन वर्षांची सवलत नाकारली. उरलेल्या पैशांतून दोनशे पानी लांब वही आणली, प्लॅस्टिकचे वेष्टण घातले, आणि पहिल्या पानावर जुन्या वहीतून उतरवून घेतले : नदाल, पॅरिस, ११२-४, २०१६, तिसरी फेरी, पुढे चाल, मोजू नये.